उडून जातं म्हणे!

नाशिकला घर असलं की पाहुण्यांचा तोटा नसतो. पुण्या-मुंबईचे नातेवाईक सकाळी त्र्यंबकेश्वरी दर्शन घेतात, दुपारी गंगापूर धरणाच्या अंगाला वायनरीत जाऊन पाच-सहा वाईनचे दोन-दोन घोट चाखतात आणि संध्याकाळी दोन्हीकडचं तेज चेहऱ्यावर घेऊन आमच्याकडे चहाला टेकतात. हातात प्रसादाचा पुडा आणि वाईनची बाटली. प्रसाद आई देवापुढे ठेवते. बाटलीचं काय करायचं हा प्रश्न मात्र सुला वायनरीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली, पाठोपाठ २००१ साली सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि जिल्ह्यात वायनऱ्या उभ्या राहू लागल्या, तेव्हापासून आमच्या घरात प्रलंबित होता.

कारण आमच्यात कोणी पीत नाही. यात तत्त्व वगैरे काही नाही. मला पहिल्या घोटाला झोप येते आणि दुसऱ्या घोटाला खरं बोलावंसं वाटतं. संसारात दोन्ही परवडत नाही. बायकोचं नुसत्या वासाने डोकं चढतं. आईच्या मते बाटलीतून येणारी कुठलीही वस्तू वाईटच, औषध सोडून. तेव्हा बाटल्या साबुदाण्याच्या डब्यामागे रांगेने उभ्या राहत गेल्या. पिववत नव्हत्या, मोरीत ओतवत नव्हत्या. ‘वॉचमनला देऊन टाकू’ म्हटलं तर बायको म्हणाली, ‘मग रात्री गेटवर कोण बसणार? तुम्ही?’

दोडक्याच्या शिरांची चटणी आणि शिळ्या पोळीचा कुस्करा करणारं घर हे. तिथे सातशे-आठशे रुपयांची एकेक बाटली नुसती धूळ खाते आहे, हे बघून माझा जीव तुटायचा. अशात कुठेतरी वाचलं की फ्रान्समध्ये वाईन कोंबडीत ओततात. थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ बाटलीभर. म्हणजे एका रात्रीत एक बाटली मार्गी! शिवाय कुणी प्यायलं असंही होत नाही, कारण शास्त्र स्पष्ट होतं: पाणी १०० अंशांना उकळतं, अल्कोहोल ७८ला. पाण्याच्या आधीच ते उडून जातं. मागे उरते ती निव्वळ चव.

हे शास्त्र मी त्याच संध्याकाळी घरात मांडलं. आई मेथी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, ‘उडून जातं तर घालायचं कशाला? आणि राहत असेल तर खायचं कसं?’

या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी नुसतंच ‘तसं नसतं गं’ म्हणालो. मुलगा आईला असं म्हणतो तेव्हा त्याच्याकडे मुद्दा संपलेला असतो, हे तिला माझ्या शाळेपासून माहीत आहे.

खरं तर आईचा काही दोष नाही. आपल्याकडे दारूला दोनच खाती: औषध किंवा व्यसन. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला कागदोपत्री परवाना लागतो, आणि तो परवाना मिळतो ‘आरोग्य राखण्यासाठी’. बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ असतं ते त्याच हिशेबाने. संध्याकाळी सात वाजता तिथे आरोग्य राखायला किती लोक जमतात ते आपण पाहतोच. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचा निर्णय घेतला, तेव्हा वाईन ही दारू की शेतमाल यावर महाराष्ट्रभर रण पेटलं. पण त्या साऱ्या गदारोळात ती धणे-जिऱ्यासारखी फोडणीच्या कामाची असू शकते, असं कुणाच्या तोंडून निघालं नाही. ते निघालं माझ्या तोंडून, तेही आईसमोर.

मी निवडलेल्या पदार्थाचं नाव कोक ओ व्हँ. फ्रान्सच्या बर्गंडी भागाशी जोडलेली, लाल वाईनमध्ये शिजवलेली कोंबडी. १९६१ साली आलेल्या ज्यूलिया चाइल्ड आणि त्यांच्या सहलेखिकांच्या जाडजूड पुस्तकाने ती अमेरिकेच्या घराघरांत नेली. मी ती आमच्या ओट्यापर्यंत आणली.

पहिला अडथळा बुचाचा. आमच्या घरात पाटा-वरवंट्यापासून पुरणयंत्रापर्यंत सगळं आहे, बूच काढायचं पिळाचं हत्यार तेवढं नाही. मी हत्यारांच्या पेटीतून एक लांब स्क्रू काढला, पेचकसाने बुचात पिळला, पक्कड लावली आणि बाटली पायांत धरून ओढलं. स्क्रू बाहेर आला, सोबत चिमूटभर भुसा. मग लाटण्याच्या टोकाने बूच आत ढकललं. वाईन उसळून थेट भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर गेली आणि संकष्टी चतुर्थी जांभळी झाली. उरलेली मी चहाच्या गाळण्याने गाळून घेतली. शिराझ होती. फ्रेंच लोकांनी हे पाहिलं असतं तर बंदुका काढल्या असत्या.

दुसरा अडथळा भांड्याचा. मला पितळेचं जाड बुडाचं पातेलं हवं होतं. आई म्हणाली, ‘कल्हई गेलीय त्याची. आंबट शिजवलंस तर कळकेल.’ हे बरोबर होतं. वाईन ही ताक-चिंचेइतकीच पितळेच्या जिवावर उठणारी. मी लगेच तडजोड केली आणि लोखंडी कढई घेतली. त्यावर आई काही बोलली नाही. बोलायला हवं होतं.

लाल वाईनमध्ये द्राक्षाच्या सालीतलं नि बियांतलं टॅनिन असतं. टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग धरतो. आपल्याकडे पूर्वी हिराकस नि हिरडा घालून शाई करायचे, त्यामागे हेच रसायन. मी कांदा, लसूण, गाजर परतलं, सवयीने हळद टाकली (फ्रेंच कृतीत नव्हती, पण हळदीशिवाय कोंबडी म्हणजे घरातलं माणूस आजारी आहे), तुकडे घातले आणि बाटली उपडी केली. थोड्याच वेळात कढईत शाई रटरटू लागली. कोंबडीच्या तंगडीने पाटीवर धडे गिरवता आले असते.

मी डगमगलो नाही. कृतीत लिहिलं होतं, मंद आचेवर दीड-दोन तास. आता त्या कृतीतला ‘कोक’ म्हणजे अंगणात वर्षानुवर्षं आरवलेला, पायाला दोरी झालेला म्हातारा कोंबडा. तो चिवट असतो, म्हणूनच त्याला दोन तास आणि बाटलीभर वाईन लागते. त्याच्या जवळचा आपला गावठी कोंबडा. मी आणलेला होता ब्रॉयलर, जन्माला येऊन सहा आठवडे झालेला, ज्याने अजून जगच पाहिलेलं नव्हतं. तासाभरात त्याची हाडं आणि मांस यांनी आपापले मार्ग धरले. बटाटे मात्र तसेच्या तसे टणक, कारण आंबटात बटाटा लवकर शिजत नाही. म्हणजे जे शिजायचं ते विरघळलं होतं आणि बाकीचं खडखडत होतं.

चव घेतली. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढून धरते, तशी धरली. वर जबर आंबट. वाईन आटवली की तिच्यातलं पाणी जातं. आंबटपणा आणि तुरटपणा कुठे जात नाहीत, उलट दाट होऊन बसतात. मी विचार केला: आंबट कमी करायचं तर खायचा सोडा. चमचाभर टाकला.

पुढचं मी अगदी जवळून पाहिलं आहे, म्हणून सविस्तर सांगतो. आधी एक बारीक ‘स्स’ असा आवाज आला. मग मधोमध गुलाबी फेसाचा एक डोंब उठला, कडेपर्यंत आला, कढईचे कान बुडवले आणि दोन्ही बाजूंनी शेगडीवर उतरला. गॅस फुर्रकन विझला. फेस खाली बसला तेव्हा त्या खालचा रस्सा लाल नव्हता, जांभळा नव्हता, काळाही राहिला नव्हता. तो निळसर हिरवा झाला होता, आणि हळदीचे डाग जिथे होते तिथे लालभडक. द्राक्षाच्या सालीतला रंग आंबटात लाल असतो, सोड्यात निळा-हिरवा होतो. हळदीचं उलट, ती सोड्यात लाल होते, कुंकू करतात ते त्याच गुणावर. शाळेच्या प्रयोगशाळेत लिटमस कागदाच्या दोन पट्ट्यांत जे उरकतं, ते मी एक किलो कोंबडी आणि एक बाटली शिराझ खर्चून करून दाखवलं होतं.

बायको दारात उभी होती. ‘हे काय आहे?’

‘फ्रेंच आहे,’ मी म्हणालो.

ती बराच वेळ कढईकडे बघत राहिली. मग तिने दुसरी शेगडी पेटवली आणि पिठलं टाकलं.

या प्रसंगातून मी एवढंच घेतलं की चूल, भांडं, कोंबडी आणि वेळ, चारही बदलायचे. वाईनवर संशय घ्यायचं कारण नव्हतं, तिच्या अजून बऱ्याच बाटल्या होत्या. पुढच्या रविवारी मटण आणलं आणि कुकर काढला. स्टीलचा, लोखंडाचा संबंध नाही. वेळ वाचतो, वास बंद राहतो. अर्धी बाटली आत, झाकण, शिट्टी.

कुकरची एक गंमत आहे. आत कोंडलेल्या वाफेला जायला शिट्टीशिवाय वाट नसते, म्हणून बरंचसं अल्कोहोल आतच घोटाळतं. आणि जे बाहेर पडतं ते थेंबाथेंबाने नव्हे, शिट्टीसरशी जोरात, एका दमात. कुकरात वाईन घालायचीच तर आधी उघड्या भांड्यात आटवून घ्यावी आणि मग झाकण लावावं, नाहीतर पेटत्या गॅसच्या डोक्यावर अल्कोहोलची वाफ सोडण्यासारखं होतं. पेटलं काही नाही, नशीब. मात्र पहिल्या शिट्टीला आमचं स्वयंपाकघर, दुसऱ्या शिट्टीला जिना आणि तिसऱ्या शिट्टीला डक्टमधून अख्खी बी विंग शिराझच्या वासाने भरली. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी एक प्रश्नचिन्ह आलं, मग ‘कुणाकडे पार्टी आहे का?’, मग एक हसरा चेहरा, आणि त्यावर सेक्रेटरींचा गंभीर संदेश की सदस्यांनी संकुलाच्या प्रतिष्ठेचं भान ठेवावं. पाचव्या मिनिटाला ते स्वतः दारात.

‘अहो, तसं काही नाही. मटण शिजतंय. अल्कोहोल उडून जातं,’ मी म्हणालो.

‘गेलंच ना उडून,’ ते म्हणाले. ‘आमच्या देवघरात आलं.’

आमचे मामा निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पायी पंढरीला जाणारे. सोसायटीतला हा गाजावाजा त्यांच्या कानावर सिन्नरला कसा गेला कोण जाणे, पण त्यानंतर आमच्याकडे आले की ते फक्त केळं खातात. सोललेलं नव्हे, स्वतः सोलतात.

मग मी आईच्या प्रश्नाचा नीट अभ्यास करायला बसलो. उत्तर फार जिव्हारी लागणारं निघालं. पाणी आणि अल्कोहोल एकदा मिसळले की ‘आधी तू जा, मग मी येतो’ असं काही होत नाही; दोघं बरोबरच वाफेवर स्वार होतात. १९९२ साली अमेरिकेत याचं प्रत्यक्ष मोजमाप झालं, आणि तिथल्या कृषी खात्याने त्याचा तक्ताच केला. उकळत्या पदार्थात वाईन ढवळून लगेच खाली उतरवलं तर ८५ टक्के अल्कोहोल जागच्या जागी. पाव तास शिजवलं तर ४० टक्के उरतं, अर्ध्या तासाने ३५, तासाभराने २५. अडीच तास रटरटवलं तर कुठे ५ टक्क्यांवर येतं. तिथेही पूर्ण सुटका नाही.

हे मी प्रामाणिकपणे आईला वाचून दाखवलं. तिने मनातल्या मनात हिशेब केला. ‘म्हणजे तासभर गॅस जाळून रुपयातले चार आणे राहिलेच.’

‘हो, पण कुणाच्या ताटात किती येणार? चमचाभरसुद्धा नाही.’

‘चार आणे म्हणजे चार आणेच,’ ती म्हणाली. तिच्या पिढीला चार आण्यांत कोथिंबीर येत असे, त्यामुळे तिला ते लहान वाटत नाहीत.

प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाचं, म्हणजे घालायचं कशाला याचं, उत्तर मला शेजारच्या काकूंनी दिलं. काकू मूळच्या वसईच्या, ख्रिस्ती. त्यांच्याकडे बाटली लपवून ठेवायची पद्धत नाही. ती तेल-मिठाच्या शेजारी उभी असते. कुकरच्या वासावर सगळ्या विंगमध्ये त्या एकट्या खूश होत्या, पण वास घेऊन त्यांनी निदान केलं होतं: ‘जास्त झाली.’

‘अरे, दारू काय पाण्यासारखी ओततोस?’ त्या म्हणाल्या. ‘मसाल्यासारखी घालायची. पाव कप. मटण नि कांदा चांगला तांबूस होऊ दे, बुडाला लागू दे जरा. मग घाल नि उलथन्याने ते लागलेलं खरवड. नाकाला झोंबतं तोवर हलवत राहा. झोंबायचं थांबलं की मग पाणी.’

सगळी चव त्या बुडाला लागलेल्यात. काही वास नुसत्या पाण्यात सुटतात, काही तेलात, काही अल्कोहोलमध्ये. दारू त्यांना मोकळं करते आणि वाफेबरोबर नाकापर्यंत पोचवते. ती स्वतः थोडी गेली काय, थोडी राहिली काय, काम झालेलं असतं. काकूंना हे असं सांगायची गरज वाटली नाही. त्यांच्या आईने नाताळाला फुगे केले ते ताडी घालून भिजवलेल्या पिठाचे, पहाटे उतरवलेली गोड ताडी, दुपारपर्यंत आंबते म्हणून वेळ सांभाळून. आता ताजी ताडी शहरात मिळत नाही म्हणून यीस्ट घालतात आणि दर वर्षी यीस्टला शिव्याही घालतात. गोव्यात सांदणं फुगतात ती माडाच्या सुरेवर. आणि विंदालूचा मूळ पुरुष म्हणजे पोर्तुगीजांचं वाईन-लसणात मुरवलेलं डुकराचं मांस. इथे वाईन कुठली मिळायला, म्हणून गोव्याच्या बायकांनी माडाच्या सुरेचा व्हिनेगर घातला आणि मिरच्या वाटल्या. वर सगळ्या जगाने गोव्याचंच खरं मानलं. नाशिकच्या वायनरीपासून अर्ध्या तासावर राहून मी जे फ्रान्सकडून शिकायला बघत होतो, ते सह्याद्रीच्या खाली चारशे वर्षं रोजचं होतं.

काकूंच्या पद्धतीने केलेलं मटण इतकं सरळ आणि चांगलं झालं की त्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही.

दुर्दैवाने यशाने माणूस थांबत नाही. पावसाळ्यात कुणीतरी स्ट्राँग बिअरचा कॅन विसरून गेलं होतं. इंग्लंडात माशाच्या तळणीच्या पिठात बिअर घालतात, तिच्यातल्या बुडबुड्यांनी कवच हलकं नि कुरकुरीत होतं, आणि अल्कोहोलमुळे मैद्याला चिवटपणा कमी येतो, हे मी वाचलेलं. मी ती कांदाभजीत घातली. बेसनात मुळात तो मैद्याचा चिवटपणा नसतोच, त्यामुळे अर्धं शास्त्र पहिल्याच पायरीला गळालं. बुडबुडे आले, भजी फुलली, सोन्यासारखी दिसली आणि चवीला कडू झाली, हॉप्सचा सगळा कडवटपणा घेऊन. बायकोने एक खाल्लं आणि थाळी सरळ बाहेर नेऊन मधुमेही काकांपुढे ठेवली. ‘कारल्याची भजी,’ ती म्हणाली. काकांनी दोनदा मागून घेतली. आजही ते तिच्या कारल्याच्या भज्यांची तारीफ करतात आणि साखर आटोक्यात आल्याचं श्रेयही तिला देतात.

केळी पेटवण्याचा प्रकार त्यामानाने लवकर आटोपला. औषधाच्या कपाटात सर्दीपडशाची ब्रँडी होती. ती आमच्याकडे कायम असते, तिला कुणी दारू म्हणत नाही. लोण्या-साखरेत परतलेल्या केळ्यांवर ब्रँडी घालून ज्वाळा काढायच्या, पाहुणे टाळ्या वाजवतात, असं चित्रात होतं. ४० टक्क्यांची ब्रँडी थोडी कोमट झाली तरी पेट घेते, यात चूक काही नाही. फक्त ती आधी वाटीत मोजून घ्यावी, बाटलीतून थेट ओतू नये, ज्वाळा बाटलीकडे चढते. आणि वरची चिमणी बंद ठेवावी. मी चिमणी चालू ठेवली होती, वास जाऊ नये म्हणून, सेक्रेटरींची भीती. ज्वाळा निळी, सुंदर, हातभर उंच झाली आणि चिमणीने ती मन लावून वर ओढून घेतली. चिमणीच्या जाळीत दोन वर्षांच्या फोडण्यांचं तेल होतं. ओल्या टॉवेलने सगळं निभावलं. गेली ती फक्त माझी डावी भुवई, आणि ती ऑफिसात एक महिनाभर कुणी उल्लेखली नाही इतके लोक सभ्य होते. तक्ता काढून पाहिला तर पेटवलेल्या पदार्थात ७५ टक्के अल्कोहोल शिल्लक राहतं. भुवई जाळून बारा आणे बाकी.

मग आला दोन ऑक्टोबर. बायकोच्या ऑफिसातले चौघं जेवायला येणार होते, काकूंच्या पद्धतीचं मटण ऐकून. मटण तांबूस झालं, कांदा बुडाला छान लागला, आणि मी साबुदाण्याच्या डब्यामागे हात घातला तर रांग संपलेली. शेवटची बाटली कधी गेली ते कळलंच नव्हतं. दुकानात जावं तर गांधी जयंती, ड्राय डे. काकू वसईला गेलेल्या. ब्रँडी ओल्या टॉवेलच्या प्रसंगानंतर आईने कुलपात ठेवलेली. मटण बुडाला लागत होतं, आणि ते फार लागू देणं काकूंच्या पद्धतीत बसत नव्हतं.

औषधाच्या कपाटात पुढेच आईचं द्राक्षासव होतं.

द्राक्षासव आमच्या घरात माझ्या आधीपासून आहे. दोन चमचे, तेवढंच पाणी घालून, दोन्ही जेवणांनंतर. पचनाला, शक्तीला, झोपेला. मी प्रथमच ती बाटली उजेडात धरून वाचली. द्राक्षं, गूळ, आणि आंबवायला धायटीची फुलं. दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, मिरी, पिंपळी, वावडिंग. म्हणजे अर्धा गरम मसाला आयता. आणि खाली बारीक अक्षरात: आपोआप तयार झालेलं अल्कोहोल, पाच ते दहा टक्के. मी पुन्हा वाचलं. काकांच्या कडू भज्यांतली बिअर आठ टक्क्यांची होती.

द्राक्षांचा आंबवलेला रस! नाशिकच्या पहिल्या वायनरीची वीट बसायच्या कितीतरी आधीपासून आई दोन्ही वेळा जेवल्यावर वाईन घेत होती, आणि आम्ही तिच्यासमोर बाटल्या साबुदाण्यामागे लपवत होतो. कायद्यालाही हे चालतं. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला तेव्हा अशा औषधांचाही प्रश्न उठला होता, आणि १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधं नि प्रसाधनं यांच्यातल्या अल्कोहोलवरची बंदी रद्द ठरवली. आईच्या दोन चमच्यांमागे घटनापीठ उभं होतं.

मी पाव कप ओतलं. बुड खरवडलं. झोंबरा वास उठला, बसला, आणि मागून असा एक गोड, मसालेदार, जुन्या माजघरासारखा सुवास दरवळला की मला क्षणभर स्वतःचा अभिमान वाटला.

पंगतीत तो सुवास सगळ्यांना जाणवला. बायकोने कौतुकाच्या भरात सांगून टाकलं, ‘हे वाईन घालून करतात.’ चौघांपैकी एक गृहस्थ निर्व्यसनी. त्यांचा घास हवेत थांबला. ‘वाईन आहे यात?’ त्यांनी ताट दोन बोटं दूर सारलं. मी तोंड उघडलं, ‘उडून...’

‘थांब,’ आई म्हणाली. तिने तिचा घास तोंडात घोळवत ठेवला होता. ‘यात पिंपळी आहे.’ आणखी एकदा घोळवला. ‘वावडिंग आहे.’ मग ती उठली, आत गेली, कपाटाचं दार वाजलं आणि ती बाटली हातात घेऊन बाहेर आली. पातळी बोटाने दाखवत तिने माझ्याकडे जे पाहिलं, तसं तिने मला दहावीच्या निकालाला पाहिलं होतं. मग पाहुण्यांकडे वळून शांतपणे म्हणाली, ‘वाईन कुठली हो? द्राक्षासव आहे. पचनाला.’

गृहस्थांनी बाटली हातात घेतली, लेबल वाचलं, अगदी बारीक अक्षरापर्यंत. आणि ताट जवळ ओढलं. ‘आमच्या घरीही सुरू करतो,’ ते म्हणाले. ‘हिला गॅसेसचा फार त्रास आहे. वाढा ना अजून, रस्सासुद्धा.’

पाहुणे गेल्यावर आईने तिचं काही दिवसांचं औषध एका मटणात संपवल्याचा हिशेब रुपये-पैशांत मांडला. अल्कोहोल किती उरलं हे तिने विचारलं नाही. गुण किती उडून गेला, हे मात्र खोदून खोदून विचारलं, आणि त्याचा तक्ता अमेरिकेने केलेला नाही याचं तिला मनापासून आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी मेडिकलमध्ये गेलो. ‘द्राक्षासव, दोन बाटल्या.’

‘दोन? आईंची तब्येत बरी आहे ना?’ दुकानदाराने काळजीने विचारलं.

‘त्यांची एकच. दुसरी मटणाला.’

त्याने माझ्याकडे बघितलं, मग दुकानात दुसरं कुणी आहे का ते बघितलं, आणि दुसरी बाटली वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून काउंटरच्या खालून माझ्या हातात दिली.